प्रश्न तुमचे: कोलेस्टेरॉलची ने-आण आणि इवलासा आरएनए

मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं, तेव्हापासून या विषयावर पत्रं येत आहेत. त्यातली बरीचशी कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) यांच्याभोवती फिरतात. कुणी घरचा रिपोर्ट समोर ठेवून विचारलंय, कुणी प्रयोगशाळेत अडकलेला प्रयोग. दोन्ही प्रकारचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

मायक्रोआरएनए जनुक ‘बंद’ करतो, असं वाचलं. वीस-बावीस अक्षरांचा तुकडा एवढं मोठं जनुक कसं बंद करणार? कोलेस्टेरॉलचं उदाहरण घेऊन सांगाल का?
– जीवशास्त्राच्या शिक्षिका, सातारा

‘बंद’ हा शब्द आधी बाजूला ठेवू, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. जनुक जागच्या जागी असतं, त्याची नक्कलही होत राहते. आवरला जातो तो त्यावरून उतरलेला संदेश, म्हणजे संदेशवाहक आरएनए. कालव्यावरचा पाटकरी पाणी तोडत नाही, दोन फळ्या खाली सोडून ते कमी करतो. मायक्रोआरएनएचं काम त्या जातीचं. एका मायक्रोआरएनएमुळे एखादं प्रथिन निम्म्यावर आलं तरी तो मोठा परिणाम समजतात. बहुतेकदा घट त्याहून कमी असते.

हे कसं घडतं ते पाहा. केंद्रकात आधी एक लांब आरएनए तयार होतो, त्यात केसाच्या पिनेसारखा दुमडलेला भाग असतो. ड्रोशा नावाचं विकर (एन्झाइम) ती पीन कापून वेगळी करतं. मग ती केंद्रकाबाहेर येते. तिथे डायसर नावाचं दुसरं विकर तिचं वळलेलं टोक छाटतं. उरलेल्या जोडीतला एक धागा, सुमारे २२ अक्षरांचा, आर्गोनॉट या प्रथिनात बसतो. आता हे प्रथिन आणि धागा मिळून संदेश तपासत फिरतात. ओळख पटते ती धाग्याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवरून. या सात अक्षरांना ‘सीड’ म्हणतात. जुळणारी अक्षरं बहुतेकदा संदेशाच्या शेपटीत सापडतात, जिथून प्रथिन बनत नाही. जुळणी झाली की संदेशाची ए-ए-ए अशी लांब शेपटी तोडली जाते, टोपी काढली जाते आणि संदेश लवकर मोडीत निघतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कन यांना १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत हेच दिसलं होतं. लिन-४ हा इवला आरएनए लिन-१४ च्या संदेशाला आवरत होता.

आता कोलेस्टेरॉल. एसआरईबीएफ-२ नावाचं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन म्हणजे पेशीतल्या कोलेस्टेरॉलचा कारभारी. साठा घटला की ते जागं होतं, कोलेस्टेरॉल बनवणारी विकरं वाढवतं आणि रक्तातून एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ओढून घेणारे ग्राहकही, म्हणजे पेशीवरचे ‘रिसेप्टर’, वाढवतं. ही आवक झाली. पण आवक वाढवायची आणि मागचं दार उघडं ठेवायचं, यात शहाणपण नाही. ते दार म्हणजे एबीसीए-१ हे प्रथिन. पेशीतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल ते पेशीच्या पटलाबाहेर (आवरणाबाहेर) काढून अपोए-१ या रक्तातल्या प्रथिनाच्या हवाली करतं, आणि तिथून एचडीएलचा कण घडू लागतो. २०१० मध्ये एकाच वेळी अनेक गटांनी दाखवलं की हे दार ओढून घेणारा हात त्याच एसआरईबीएफ-२ जनुकाच्या पोटात आहे. जनुकाच्या सोळाव्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनताना टाकून दिल्या जाणाऱ्या भागात, मिर-३३ए हा मायक्रोआरएनए बसलेला आहे. कारभारी जागा झाला की हाही त्याच्याबरोबर तयार होतो.

विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवायला हे उदाहरण फार चांगलं. मिर-३३ए ची दुसरी ते आठवी अक्षरं लिहा: यु-जी-सी-ए-यु-यु-जी. याला जुळणारी, उलट बाजूने वाचलेली अक्षरं येतात सी-ए-ए-यु-जी-सी-ए. एबीसीए-१ च्या संदेशाची शेपटी ३,००० हून जास्त अक्षरांची आहे आणि तिच्यात अशा तीन जागा आहेत. तिन्ही जागा मिळून परिणाम गडद होतो. शिवाय एबीसीए-१ प्रथिन पेशीत फार टिकत नाही, तास-दोन तासांत त्यातलं निम्मं मोडतं. त्यामुळे संदेश थोडा जरी आवरला तरी पटलावरचं प्रमाण लवकर उतरतं.

हे दार मुळातच नसेल तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाजवळ चेसापीक उपसागरात टँजियर नावाचं बेट आहे. तिथल्या एका कुटुंबातल्या मुलांचे टॉन्सिल नारिंगी-पिवळे दिसत होते आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतंच. टॉन्सिलमधल्या भक्षकपेशींत (मॅक्रोफेजमध्ये) कोलेस्टेरॉल साचून तो रंग आला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्णन झालेल्या या टँजियर रोगाचं मूळ एबीसीए-१ जनुकातल्या दोषात आहे, हे १९९९ मध्ये कळलं.

मग मिर-३३ ला अडवलं की एचडीएल वाढणार, हे उघडच आहे. असं औषध अजून का आलं नाही?
– वाचक, डोंबिवली

माकडांत एचडीएल खरोखरच वाढलं. २०११ मध्ये आफ्रिकन हिरव्या माकडांना मिर-३३ अडवणारं औषध १२ आठवडे दिलं गेलं, तेव्हा एचडीएल ५० टक्क्यांपर्यंत वर गेलं आणि ट्रायग्लिसराइड वाहणारं व्हीएलडीएल उतरलं. त्याच वर्षी उंदरांच्या रोहिणीतले मेदाचे थर कमी झाल्याचंही दिसलं. तुमच्यासारखीच आशा तेव्हा अनेकांना वाटली होती, आणि तीत चूक काहीच नव्हती.

अडचण आली ती मिर-३३ च्या बाकीच्या कामांतून. तो फक्त एबीसीए-१ ला आवरत नाही. मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात नेऊन जाळण्यासाठी लागणारी सीपीटी-१ए, क्रॉट, एचएडीएचबी ही प्रथिनं त्याच्याच हाताखाली आहेत. इन्सुलिनच्या निरोपातलं आयआरएस-२ सुद्धा आहे. एक चावी फिरवली की दहा नळांचं पाणी हलतं. ज्या उंदरांत मिर-३३ जन्मापासूनच काढून टाकला होता, ते पुढे लठ्ठ झाले आणि त्यांच्या यकृतात मेद साचला. जास्त मेदाच्या आहारावर ठेवून दीर्घकाळ मिर-३३ अडवलेल्या उंदरांतही रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढली आणि यकृत मेदाळ झालं. हे २०१३-१४ मधले निष्कर्ष. पाश्चात्त्य आहारावरच्या उंदरांच्या एका प्रयोगात तर एचडीएलची वाढ टिकलीही नाही आणि रोहिणीतले थरही घटले नाहीत.

दुसरी अडचण एचडीएलबद्दलच्या आपल्या समजुतीची आहे. एचडीएलचा आकडा वाढवला म्हणजे हृदय वाचलं, असं होत नाही. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, पण मृत्यूही वाढले, म्हणून २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. नायसिनची एम-हाय ही चाचणी २०११ मध्ये थांबली, कारण एचडीएल वाढूनही हृदयविकार कमी झाला नाही. महत्त्व आहे ते रोहिणीच्या भिंतीतल्या भक्षकपेशींतून कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याला. रक्ताच्या रिपोर्टवरचा एचडीएलचा आकडा ते मोजत नाही. म्हणून आता सगळ्या शरीरात मिर-३३ न अडवता तो फक्त भक्षकपेशींत अडवण्याच्या वाटा शोधल्या जात आहेत. हीच दिशा योग्य आहे असं आमचं मत आहे.

आमच्या घरात सगळ्यांचं एचडीएल ३५ च्या आसपास आणि ट्रायग्लिसराइड २०० च्या वर. आपल्या लोकांत हे फार आढळतं म्हणतात. याच्याशी मायक्रोआरएनएचा संबंध आहे का?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

आढळतं हे खरंच. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या प्रौढांची तपासणी झाली. त्यात ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं आणि २९.५ टक्के लोकांची ट्रायग्लिसराइड वाढलेली होती. एलडीएल वाढलेले मात्र ११.८ टक्केच होते.

मायक्रोआरएनएशी संबंध जोडणारा एक सुसंगत तर्क आहे, पण तो तर्कच समजा. माणसात मिर-३३ ची दोन भावंडं आहेत. मिर-३३ए वर आलाच आहे. मिर-३३बी हा एसआरईबीएफ-१ जनुकाच्या सतराव्या इन्ट्रॉनमध्ये बसलेला असतो. दोघांचं सीड एकच, फक्त नवव्या-दहाव्या अक्षरांत फरक आणि शेपटाला एक अक्षर कमी. एसआरईबीएफ-१ मेद तयार करण्याचं काम चालवतं आणि त्याला जागं करतं इन्सुलिन. पोट सुटलेल्या, इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या शरीरात इन्सुलिन सतत चढलेलं असतं. तेव्हा यकृतात मेद बनण्याचं काम वाढतं, त्याच्याबरोबर मिर-३३बी वाढतो, तो मेद जाळणं मंदावतो आणि एबीसीए-१ चं दारही ओढून घेतो. एकीकडे ट्रायग्लिसराइड वर, दुसरीकडे एचडीएल खाली. तुमच्या रिपोर्टवरची जोडी नेमकी हीच आहे.

यातली खरी मेख पुढे आहे: उंदरात मिर-३३बी नसतोच. उंदरांवरच्या प्रयोगांत या भावंडाबद्दल काही कळतच नाही. म्हणून माकडांवरचे प्रयोग आणि मानवी मिर-३३बी घातलेले उंदीर यांना इतकं महत्त्व आलं. वर्तमानपत्रात ‘उंदरांत यशस्वी’ असं वाचलंत तर मिर-३३ च्या बाबतीत ही एक गोष्ट आठवा. आणखी एक: एबीसीजी-१ या दुसऱ्या वाहक प्रथिनाच्या संदेशात उंदराकडे मिर-३३ च्या जागा आहेत, माणसाकडे नाहीत.

घरच्यांसाठी उपाय मात्र जुनाच आहे आणि तो लागू पडतो: कंबरेचा घेर उतरवणं, मैदा-साखर आणि दारू कमी करणं, रोज घाम येईल असं चालणं. याने ट्रायग्लिसराइड आधी हलतं, एचडीएल उशिरा आणि थोडं.

भात खाल्ल्याने तांदळातला मायक्रोआरएनए रक्तात शिरतो आणि कोलेस्टेरॉल वाढवतो, असा संदेश आमच्या ग्रुपवर फिरतोय. आम्ही कोकणातले, दोन्ही वेळा भात. खरं आहे का?
– वाचक, चिपळूण

या संदेशाला मूळ आहे, पण ते टिकलं नाही. चीनच्या नानजिंग विद्यापीठातल्या एका गटाने २०११ मध्ये असा दावा केला की तांदळातला मिर-१६८ए माणसाच्या रक्तात सापडतो, आणि उंदरांना भात खाऊ घातल्यावर तो यकृतातल्या एलडीएलआरएपी-१ या प्रथिनाला आवरतो, त्यामुळे रक्तातलं एलडीएल वाढतं. एलडीएलआरएपी-१ हे एलडीएल आत ओढणाऱ्या ग्राहकाला साथ देणारं प्रथिन आहे, म्हणजे कल्पना ऐकायला पटणारी होती.

२०१३ मध्ये दुसऱ्या गटाने तो प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी तुलना नीट केली. एका गटाला नुसता तांदूळ, दुसऱ्याला तोच तांदूळ घालून केलेला समतोल आहार. रक्तात किंवा यकृतात तांदळाचा मिर-१६८ए नाव घेण्याइतकाही सापडला नाही. एलडीएल वाढलं ते नुसत्या तांदळावरच्या उंदरांत. तांदळाचा मायक्रोआरएनए दोन्हीकडे पोटात गेला होता, फरक होता तो आहाराच्या समतोलाचा. पचनात आरएनएचा भुगा होतो, आणि चुकून एखादी प्रत आत शिरलीच तरी एका यकृतपेशीतल्या संदेशांच्या गर्दीत तिचा काही जोर चालणार नाही. मायक्रोआरएनएच्या हजारो प्रती असतील तेव्हाच परिणाम दिसतो.

भात खा. ताटात भाताबरोबर आमटी, उसळ, मासे, भाजी असू द्या, भाताचा डोंगर करू नका. ट्रायग्लिसराइड वाढलेली असतील तर भाताचं प्रमाण जरूर कमी करा, पण ते पिष्टासाठी.

स्टॅटिनने मिर-३३ वाढतो, असं मुलाने इंटरनेटवर दाखवलं. मग रोज रात्रीची गोळी बंद करावी का?
– वाचक, नागपूर

नाही. काका, गोळी बंद करू नका.

मुलाने वाचलंय ते खोटं नाही. स्टॅटिन पेशीतलं कोलेस्टेरॉल बनणं रोखतं, साठा घटतो, एसआरईबीएफ-२ चा कारभारी जागा होतो, आणि त्याच्या पोटातला मिर-३३ए ही वाढतो. काचेच्या बशीतल्या भक्षकपेशींत यामुळे एबीसीए-१ घटलेलं दिसतं. पण त्याच कारभाऱ्यामुळे यकृतातले एलडीएल ग्राहक वाढतात, आणि गोळीचा मुख्य फायदा तिथूनच येतो. शिवाय गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात एचडीएल घटत नाही, उलट ५ ते १० टक्के वाढतं. पेशीतली एक दोरी आणि शरीरातला निकाल यांच्यात असा फरक पडू शकतो.

एका ठिकाणी मात्र हा धागा उपयोगी आहे. मिर-३३ यकृतातून पित्त बाहेर सोडणाऱ्या एबीसीबी-११ आणि एटीपी-८बी-१ या प्रथिनांनाही आवरतो. स्टॅटिनमुळे क्वचित कुणाच्या यकृताला त्रास होतो, त्यामागे हा दुवा असू शकतो, असं उंदरांवरच्या कामातून सुचवलं गेलं आहे. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला सारखी खाज सुटणं, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

सहा महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं इन्क्लिसिरान आलंय. हे मायक्रोआरएनएच का?
– औषधविक्रेते, सांगली

भाऊबंद आहे, पण तो नव्हे. इन्क्लिसिरान हा एसआयआरएनए आहे. तोही आर्गोनॉटमध्येच बसतो, पण त्याची जुळणी सात अक्षरांपुरती नसते. सगळ्या लांबीभर पीसीएसके-९ या एकाच संदेशाशी होते. त्यामुळे तो संदेश थेट मधोमध कापला जातो. मायक्रोआरएनए अनेकांना थोडंथोडं आवरतो, एसआयआरएनए एकाला पुरता गाठतो. म्हणूनच तो औषध म्हणून आधी उभा राहिला. पीसीएसके-९ नसलं की एलडीएलचे ग्राहक मोडले जात नाहीत आणि एलडीएल सुमारे निम्म्यावर येतं. मात्रा २८४ मिलिग्रॅम, त्वचेखाली: पहिली, मग ३ महिन्यांनी, त्यानंतर दर ६ महिन्यांनी. सहा महिने परिणाम टिकतो, कारण आर्गोनॉटमध्ये बसलेला धागा पुन्हापुन्हा नवे संदेश कापत राहतो.

याला यकृतापर्यंत नेते ती गॅलनॅक नावाची शर्करा. तिचा ग्राहक मुख्यतः यकृतपेशींवर असल्याने औषध इतरत्र फारसं जात नाही. मायक्रोआरएनएवरच्या औषधांनीही यकृतच गाठलं होतं. मिर-१२२ हा यकृतातला सगळ्यात मुबलक मायक्रोआरएनए, तिथल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के. तो अडवला की उंदरांत कोलेस्टेरॉल चतुर्थांश ते एक तृतीयांश घटतं. हिपॅटायटिस सी विषाणूला स्वतःच्या टिकावासाठी हाच मिर-१२२ लागतो, म्हणून मिराव्हिरसेन हे अडवणारं औषध आधी त्या रुग्णांवर तपासलं गेलं, आणि विषाणू उतरला. पण मिर-१२२ अजिबात नसलेल्या उंदरांत यकृत मेदाळ होतं आणि पुढे गाठी येतात. व्हीएलडीएल बांधण्यासाठी एमटीपी नावाचं प्रथिन लागतं. मिर-१२२ नसला की ते घटतं, मेद यकृतातून निघत नाही आणि तिथेच साचतो. रक्तात घट दिसली म्हणून खूश होण्याआधी यकृतात काय झालं ते पाहावं लागतं, ते यासाठी.

एमएससीचा प्रकल्प: मिर-३३ए मानवी एबीसीए-१ ला आवरतो, हे दाखवायचं आहे. ल्युसिफरेजचे आकडे कधी वाढतात, कधी घटतात. वेस्टर्नमध्ये पट्टी येतच नाही. काय चुकतंय?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुम्ही प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं कडं) कोणता वापरला ते लिहिलेलं नाही, आणि बहुतेक गोंधळ तिथेच आहे. सायचेक-२ मध्ये एबीसीए-१ ची शेपटी रेनिला ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराच्या मागे बसते आणि फायरफ्लाय हा अंतर्गत मापदंड असतो. पीमिरग्लो मध्ये बरोबर उलट. वहीतलं सूत्र एका प्लाझ्मिडचं आणि आकडे दुसऱ्याचे असले की घट वाढ बनून दिसते. आधी हे तपासा. सायचेक-२ असेल तर रेनिला भागिले फायरफ्लाय.

मांडणी अशी करा. २४ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात एचईके-२९३टी पेशी १ लाख. दुसऱ्या दिवशी प्लाझ्मिड १०० नॅनोग्रॅम आणि मिर-३३ए चा मिमिक (कृत्रिम नक्कल) २० नॅनोमोलर, लिपोफेक्टामिन-२००० एक मायक्रोलिटर. ४८ तासांनी पीबीएसने हलक्या हाताने धुवा (या पेशी पटकन सुटून येतात), १०० मायक्रोलिटर पॅसिव्ह लायसिस बफर घालून १५ मिनिटं हलवा. २० मायक्रोलिटर घेऊन त्यात फायरफ्लायचा अभिकर्मक १०० मायक्रोलिटर, वाचन, मग थांबवून रेनिला पेटवणारा अभिकर्मक १०० मायक्रोलिटर, वाचन. अभिकर्मक खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वापरू नका. फ्रिजमधून थेट काढला तर पहिले खण शेवटच्या खणांशी जुळत नाहीत.

खण असे हवेत: रिकामा प्लाझ्मिड, मूळ शेपटी, आणि तिन्ही जागा बदललेली शेपटी, प्रत्येकाबरोबर मिर-३३ए मिमिक आणि निरर्थक अक्षरांचा मिमिक. बदललेली शेपटी नसेल तर निबंध अपुरा समजा. एकच जागा बदलून उरलेल्या दोन तशाच ठेवल्या तर अर्धवट परिणाम उरतो आणि विद्यार्थी ‘प्रयोग फसला’ म्हणतात. सीडमधली तीन-चार अक्षरं बदला, आणि बदलाने दुसऱ्या कुणाची जागा तयार होत नाही हे पाहा. ३० ते ५० टक्के घट मिळाली तर प्रयोग चांगला झाला. ९० टक्के मिळाली तर आनंद मानू नका, मात्रा जास्त झाली आहे. १०० नॅनोमोलर मिमिक घातला की आर्गोनॉट त्यानेच भरून जातो आणि जे खरं लक्ष्य नाही तेही लक्ष्य वाटायला लागतं. म्हणून उलटी बाजूही दाखवा: पेशीतला स्वतःचा मिर-३३ए अडवला तर एबीसीए-१ वाढतं का? परीक्षक हाच प्रश्न विचारतील.

वेस्टर्नच्या (जेलवरून प्रथिन ओळखण्याच्या चाचणीच्या) बाबतीत जवळजवळ खात्रीने सांगता येईल की नमुना उकळला असणार. एबीसीए-१ हे २,२६१ अमिनो आम्लांचं, पटलात अनेकदा शिरून बाहेर पडणारं प्रथिन आहे. ९५ अंशांवर उकळलं की ते एकमेकांत गुंतून गोळा होतं आणि जेलच्या खणातच अडकून बसतं. नमुना ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटं ठेवा, उकळू नका. जेल ६ टक्के. प्रथिन सुमारे २५४ किलोडाल्टनचं, त्यामुळे झटपट अर्ध-कोरडं ट्रान्सफर पुरत नाही. ओलं ट्रान्सफर, ३० व्होल्ट, रात्रभर, ४ अंशांच्या खोलीत. नियंत्रणासाठी ॲक्टिन नको, ते ४२ किलोडाल्टनचं आहे आणि ६ टक्के जेलमधून निघून जातं. विन्क्युलिन घ्या.

पट्टी तरीही फिकी असेल तर पेशी बदला. टीएचपी-१ पेशींना पीएमए १०० नॅनोमोलर देऊन ७२ तासांत भक्षकपेशी करा आणि एलएक्सआर (एबीसीए-१ चं जनुक चालवणारं प्रथिन) जागं करणारं टी-०९०१३१७ द्या, एबीसीए-१ भरपूर वाढतं. हे सगळ्या खणांत सारखंच द्या. क्यूपीसीआरमध्ये (संदेश मोजण्याच्या चाचणीत) संदेश थोडाच घटला आणि प्रथिन जास्त घटलं, तर घाबरू नका, मायक्रोआरएनएच्या बाबतीत हे नेहमीचं आहे.

वेळ असेल तर शेवटी कोलेस्टेरॉल खरंच कमी बाहेर पडतं का, ते मोजा. किरणोत्सारी कोलेस्टेरॉलसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी असलेली प्रयोगशाळा लागते. ती नसेल तर बॉडिपी-कोलेस्टेरॉल वापरा. २४ तास पेशींना ते पाजा, नीट धुवा, मग सीरम नसलेल्या माध्यमात अपोए-१ मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, ४ ते ६ तास. माध्यमातली चमक भागिले माध्यम अधिक पेशी, गुणिले १००. अपोए-१ शिवायच्या खणाचा आकडा वजा. इथे नेहमीची चूक म्हणजे सीरम न धुणं. सीरममध्ये एचडीएल आयतंच असतं, ते सगळ्या खणांतून कोलेस्टेरॉल ओढतं आणि फरक पुसून टाकतं.

आमच्या लॅबमधून एका संशोधनासाठी रक्त पाठवायचं आहे, मिर-३३ए, मिर-१२२ आणि मिर-२२३ मोजणार आहेत. आमच्याकडून काय काळजी घ्यावी?
– पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, नाशिक

हिरव्या झाकणाची नळी अजिबात नको. हेपरिन पीसीआर बंद पाडतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए घ्या. नळी थंड करू नका, जोरात हलवू नका, ८-१० वेळा सावकाश उलटी-सुलटी करा.

दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि दोनदा फिरवा. पहिल्या फेरीनंतर वरचा प्लाझ्मा घेताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडा. दुसरी फेरी जास्त वेगाने, म्हणजे उरलेल्या प्लेटलेट तळाशी बसतील. मिर-२२३ प्लेटलेट आणि न्यूट्रोफिलमध्ये भरलेला असतो. पांढऱ्या थराचा एक थेंब जरी वर आला तरी संशोधकांना ‘रुग्णात मिर-२२३ वाढला’ असं दिसेल, आणि तो खरं तर पिपेटमधून वाढलेला असेल. २०११ मध्ये मिर-२२३ एचडीएलच्या कणांवर सापडला होता, म्हणून या मोजणीत लोकांना एवढा रस आहे. पण प्लाझ्मातला बहुतेक मायक्रोआरएनए एचडीएलवर नसून आर्गोनॉट प्रथिनाला चिकटलेला असतो.

रक्तपेशी फुटल्या तर सगळं वाया जातं. बारीक सुई, सिरिंजने जोरात ओढणं, टूर्निकेट फार वेळ बांधून ठेवणं, ही कारणं. डोळ्याला गुलाबी दिसण्याआधीच नुकसान झालेलं असतं, म्हणून ४१४ नॅनोमीटरवर शोषण पाहा आणि चढा आकडा आलेला नमुना वेगळा काढा. पुढे पीसीआरमध्येही ताडता येतं: मिर-२३ए चं सीटी (कितव्या फेरीला संकेत दिसला तो आकडा) वजा मिर-४५१ए चं सीटी ७ च्या वर गेलं तर रक्तपेशी फुटलेल्या आहेत असं धरतात, कारण मिर-४५१ए लाल पेशींत ठासून भरलेला असतो.

प्लाझ्मा ५०० मायक्रोलिटरच्या भागांत विभागून उणे ८० अंशांत ठेवा, म्हणजे पुन्हापुन्हा वितळवावं लागणार नाही. कोरडा बर्फ घालून पाठवा.

आरएनए तुमच्याकडेच काढायला सांगितला असेल तर नेहमीचा कॉलम वापरू नका. बऱ्याच कॉलममध्ये २०० अक्षरांहून लहान आरएनए धुऊन निघून जातो, आणि तुम्हाला हवा आहे तो २२ अक्षरांचा. लहान आरएनएसाठी मिळणारा किट घ्या. त्यात अल्कोहोल दीडपट घालतात, ते कमी करू नका. सुरुवातीलाच कृमीचा सेल-मिर-३९ ठरावीक प्रमाणात घाला. माणसात तो नसतो, त्यामुळे शेवटी किती सापडला यावरून आरएनए काढताना किती गळती झाली ते कळतं. तो प्लाझ्मात थेट टाकू नका, तिथली विकरं त्याचा लगेच फडशा पाडतात. लायसिस द्रव मिसळून झाल्यावरच टाका. नॅनोड्रॉपचा आकडा प्लाझ्माच्या आरएनएला लागू नाही, त्यावर विसंबून मात्रा ठरवू नका. सगळ्या नमुन्यांतून सारखाच आकारमानाचा वाटा पुढे न्या. नळीवर मिर-३३ असं मोघम न लिहिता ३३ए की ३३बी आणि ५पी की ३पी (पिनेच्या कोणत्या बाजूचा धागा) हे पूर्ण लिहा, कारण प्राइमर त्यावरच मागवले जातात.

मग साध्या माणसाने मायक्रोआरएनएची तपासणी करून घ्यावी का? एका ठिकाणी पॅकेज दाखवतात.
– वाचक, ठाणे

नको. कोलेस्टेरॉलच्या उपचारात या आकड्यांवरून डॉक्टर आज काहीच ठरवत नाहीत. वरच्या उत्तरात पाहिलंत, नळी कशी हलवली यावरही ते बदलतात. तेवढ्या पैशांत लिपिड प्रोफाइल आणि एचबीए-१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा, आणि जवळच्या नात्यात तरुणपणी हृदयविकार झालेला असेल तर आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए.